रेडिएशन चालू आहे: देवगड ते कोल्हापूर, १९ सिटिंग

खाडीकाठ
४ मे, दुपारी ३.१०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर खुसपटं काढायला येते. सोलकढीत आलं घालणाऱ्यांशी माझं झालेलं भांडण जुन्या लोकांना आठवत असेल. आजचा विषय वेगळा आहे.

जानेवारीत आंघोळ करताना डाव्या बाजूला गाठ लागली. तपासणीत कॅन्सर निघाला. फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. गाठ काढली, स्तन ठेवला. काखेतल्या गाठी (लसीकाग्रंथी) तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या. केमो लागली नाही, गोळी पाच वर्षं घ्यायची आहे. आणि आता रेडिएशन. आमच्या वाडीत याला "शेक" म्हणतात, काही जण "लाईट घेणं" म्हणतात. १५ सिटिंग आणि वर ४ बूस्ट, म्हणजे जिथे गाठ होती तेवढ्याच जागेवर जास्तीचा डोस. एकूण १९. पैकी १० झाली.

मी पतपेढीत कॅशियर आहे, मोजल्याशिवाय चैन पडत नाही. मशीनवरच्या मुलाला विचारलं, बाबा रे, किरण प्रत्यक्ष चालू किती वेळ असतात? तो म्हणाला, तुमचं सगळं धरून तीनेक मिनिटं. १९ गुणिले ३, ५७ मिनिटं. तासही भरत नाही. त्या तासासाठी मी पाच आठवडे घर सोडून कोल्हापुरात खोली घेऊन राहिलेय. ऐन आंब्यात. पेट्या भरायला घरात माणूस नाही, नवरा रोज फोनवर "तू तिकडचं बघ" म्हणतो आणि पाठीमागे गड्यांवर ओरडत असतो ते ऐकू येतं.

पहिला आठवडा धाडस केलं. शुक्रवारचं सिटिंग उरकून एसटीने घरी, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट. बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून पैशांचं काही वाटलं नाही, पण चार तास डावा हात कुठे ठेवायचा हा प्रश्न. खिडकीच्या दांडीवर ठेवला तर काख ओढते, मांडीवर ठेवला तर घाटातल्या वळणाला शेजारचा अंगावर येतो. आणि घरी गेल्यावर वेगळीच पंचाईत झाली. अंगावर शाईने रेघा मारलेल्या असतात. कुठे किरण सोडायचे त्याच्या खुणा, त्या पुसायच्या नाहीत. एप्रिलच्या शेवटी देवगडचा घाम! शनिवारी दुपारपर्यंत एक अधिक-चिन्हाची (+) खूण बनियनवर उतरली होती, अंगावर फिकट गुलाबी डाग फक्त. (नवऱ्याचे जुने सुती बनियन घालते. ब्रा नाही, ब्लाउज नाही.) सोमवारी मशीनवरच्या मुलाने बघून कपाळाला हात लावला. तरी बरं, तीन ठिकाणी सुईने मोहरीएवढे टिंब गोंदलेले आहेत, त्यांवरून त्याने मोजून पुन्हा रेघा ओढल्या. म्हणाला, काकू, आता शेवटपर्यंत कोल्हापूर सोडायचं नाही.

आत काय होतं ते लिहिते, कारण मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. थंडगार खोली. एका उतरत्या फळीवर उताणं झोपवतात, दोन्ही हात डोक्यावर, मुठीत दांड्या धरायच्या. भिंतीतून उजेडाच्या हिरव्या रेघा येतात, त्या टिंबांवर जुळवतात. दोघं जण मला इकडून तिकडे सरकवतात, मिलिमीटरमध्ये बोलतात, "दोन वर, एक डावीकडे". तुम्ही स्वतः मदत म्हणून सरकायचं नाही, ते मी पहिल्या दिवशी केलं आणि ओरडा खाल्ला. मग सगळे बाहेर जातात. तो जाड दरवाजा बंद होताना जो आवाज येतो, तो मात्र दहाव्या दिवशीही पोटात लागतो. बाकी काही नाही. दुखत नाही, गरम लागत नाही, मशीन गूं करतं आणि डोक्यावरून फिरतं.

बाजू डावी असल्यामुळे मला श्वास धरायला लावतात. स्पीकरवर सांगतात, "श्वास घ्या, अजून, अजून, थांबा." वीसेक सेकंद धरायचा. मी लहानपणी खाडीत तिसऱ्यांसाठी बुड्या मारलेली बाई, मला ते सोपं गेलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या बुड्यांचं कौतुक झालं.

तक्रार एकच. मध्ये मशीन दोन दिवस बंद पडलं. त्याचा राग नाही, यंत्र आहे. पण सकाळी आठला बोलावून दुपारी दीडला सांगितलं. बाकावर बसलेल्या बायकांपैकी निम्म्या घाटाखालच्या होत्या, एक राजापूरची, एक वैभववाडीची, पहाटे चारला निघालेल्या. एक फोन केला असता तर?

विचारायचं असं: पुढे कातडीचं काय होतं? माझी आता नुसती सावळी झालीय, स्तनाखालच्या घडीत जरा हुळहुळतंय. आणि किती थकवा येतो? कुणी यातून गेलं असेल तर लिहा. "काळजी घे" एवढंच लिहू नका, ते सगळे म्हणतात.

---

मधुमालती
४ मे, दुपारी ४.०२

ताई, वाचून हात थरथरतोय. मी राजापूरची. माझ्या आईचं २०१४ साली झालं, तेव्हाचं सांगते.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. नुसती गाठ काढली तर नंतर रेडिएशन घ्यावंच लागेल, पूर्ण स्तन काढला तर कदाचित लागणार नाही. बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "कशात फेऱ्या कमी?" आईने मान खाली घातली आणि म्हणाली, काढून टाका. कुणी तिला विचारलंही नाही की तुला काय हवंय. आम्ही तेव्हा यालाच समजूतदारपणा म्हटलं.

रिपोर्ट आला तर काखेतल्या पाच गाठींमध्ये निघाला. मग रेडिएशन लागलंच! २५ सिटिंग. मुंबईला टाटामध्ये. पाच आठवडे मी आणि आई दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. तिथल्या लोकांबद्दल वाईट शब्द निघणार नाही. पण आई अजून अधूनमधून म्हणते, "दोन्ही गेलं गो. ते पण गेलं आणि फेऱ्याही चुकल्या नाहीत."

---

खाडीकाठ
४ मे, दुपारी ४.२०

मधुमालती, हे वाचून उठून दोन फेऱ्या मारून आले खोलीत. माझ्यासमोरही हाच प्रश्न होता. आमच्याकडे नणंदेने विचारला, "उगाच कशाला ठेवायचा, ५१ वर्षांची झालीस." मी म्हटलं, दात हलायला लागला तरी तू ठेवतेसच ना.

---

लेझर_लाल
४ मे, संध्याकाळी ७.३५

मी रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट, नोकरी मुंबईत, गाव वेंगुर्ला. खाडीकाठताई, तुमच्या मशीनवरच्या मुलाच्या जागी मी रोज उभा असतो, त्यामुळे थोडं आमच्या बाजूने.

श्वास का धरायला लावतो? छाती भरली की फुप्फुस फुगतं आणि हृदय छातीच्या भिंतीपासून मागे, खाली सरकतं. तेवढ्या फटीमुळे हृदयाला मिळणारा डोस बराच कमी होतो. उजव्या बाजूला साधारणपणे याची गरज पडत नाही.

फेऱ्या एवढ्या का, हा प्रश्न आम्हाला रोज येतो. एकदम सगळा डोस दिला तर चांगल्या पेशीही मरतील. थोडा थोडा दिला की चांगल्या पेशी मधल्या वेळात डागडुजी करून घेतात, कॅन्सरच्या पेशींना ती नीट जमत नाही. पूर्वी ५० ग्रे (ग्रे म्हणजे डोसाचं माप) २५ वेळा विभागून द्यायचे, पाच आठवडे. मग इंग्लंडमध्ये हजारो बायकांवर तुलना करून बघितली, तर ४० ग्रे १५ वेळांत दिल्यानेही तेवढाच उपयोग होतो आणि त्रास उलट थोडा कमी, असं निघालं. तुमची १५ त्यातली. २०२० साली त्याच देशातून पुढचा निकाल आला, २६ ग्रे फक्त ५ वेळांत, एका आठवड्यात. पाच वर्षांपर्यंतचे आकडे १५ वाल्यांच्या तोडीस तोड. पण ते प्रत्येकीला लागू नाही, आणि प्रत्येक केंद्रात देतातच असंही नाही.

मुंबईच्या पेशंटला २५ काय नि १५ काय, लोकल पकडून येतो. ज्याला घाट उतरून यायचं त्याला हा फरक कळतो. म्हणून सगळ्यांना सांगतो, ऑपरेशनच्या आधीच विचारा: "रेडिएशन लागलं तर किती सिटिंग? माझ्या बाबतीत ५ किंवा १५ मध्ये होईल का?" ऑपरेशननंतर विचारून उपयोग अर्धा.

आणि मशीन बंदचा फोन करायलाच हवा होता. आमच्याकडेही होत नाही कधी कधी. चूक आहे.

---

घाटावरचा
४ मे, रात्री ९.१२

आमच्या हिची २००९ ला झाली, २५ अधिक ५ बूस्ट. कोबाल्ट मशीनवर. शेवटी शेवटी तर वेळ जास्त लागतो असं वाटायचं, तो भास होता की खरं?

---

लेझर_लाल
४ मे, रात्री ९.४०

@घाटावरचा, एका महिन्यात एवढा फरक जाणवणार नाही, कंटाळा जास्त असणार. पण मुद्दा खरा आहे. कोबाल्ट मशीनमध्ये किरण सोडणारा कोबाल्ट-६० धातू असतो, तोच स्रोत. त्याची ताकद दर सव्वापाच वर्षांनी निम्मी होते. स्रोत जुना झाला की तोच डोस द्यायला जास्त वेळ लागतो. म्हणून ठरावीक काळाने तो बदलावा लागतो. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेलं भाभाट्रॉनही कोबाल्टवरच चालतं. खाडीकाठताईंचं वर्णन लिनॅकचं दिसतंय, त्यात स्रोत नसतो, विजेवर किरण तयार होतात. बटण बंद, किरण बंद.

---

नवी_सून
५ मे, सकाळी १०.१५

बटण बंद, किरण बंद यावरून विचारते. माझ्या सासूबाईंचं सुरू होणार आहे. माझं बाळ सात महिन्यांचं आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, त्यांच्या अंगातून किरण येतात, बाळ जवळ द्यायचं नाही. मी सासूबाईंना अजून काही बोलले नाहीये. खरंच सांगा.

---

लेझर_लाल
५ मे, सकाळी १०.३१

बाळ द्या त्यांच्या मांडीवर. बाहेरून किरण देतात त्यात अंगात काहीही उरत नाही. टॉर्च बंद केल्यावर भिंतीत उजेड उरतो का? थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन पाजतात त्यात काही दिवस अंतर पाळावं लागतं, लोकांची गल्लत तिथे होते. फक्त बाळाचे पाय छातीवर आपटणार नाहीत एवढं बघा, ती जागा हुळहुळी होईल.

---

खाडीकाठ
५ मे, दुपारी १२.५०

नवी_सून, तू विचारलंस हे फार चांगलं केलंस. माझ्या पुतण्याच्या बायकोने विचारलं नव्हतं. मी पहिल्या शनिवारी घरी गेले तेव्हा पोरगं "आज्जी" करत धावत आलं आणि तिने त्याला मधल्या मधे उचललं, "आज्जीला बाऊ झालाय ना" म्हणून. वाईट हेतू नव्हता तिचा. पण चार तासांच्या घाटाने जेवढी दमले नव्हते तेवढी त्या क्षणी दमले. आता हा धागा तिला पाठवला आहे. तिने अंगठा पाठवला. अंगठा म्हणजे काय समजायचं ते माहीत नाही.

---

अण्णा_तारकर्ली
५ मे, रात्री ८.२२

बाय, भिवू नकात. माझ्या बायलेक २०१६ साली झाला. शेक घेतल्यान, काय एक झाला नाय. पण हात वर करूचो व्यायाम सोडू नकात. आमच्या हिने आळस केल्यान, खांदो धरलो. कपडे वाळत घालूची दोरी हातभर खाली बांधूची लागली. आता सगळो गाव येता-जाता त्या दोरयेक अडखळता.

---

खाडीकाठ
५ मे, रात्री ८.४५

अण्णा, पहिल्यांदा मोठ्याने हसले आज. व्यायाम करतेय. भिंतीला बोटांनी चढायचं, कालच्या खुणेपेक्षा आज वर. खोलीच्या मालकीणबाईंनी भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणा बघून विचारलं, कुणाची उंची मोजताय?

---

सरळ_बोलतो
६ मे, सकाळी ७.०५

कटू वाटेल पण लिहितो. किरणांनीच कॅन्सर होतो हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. मग कॅन्सरवर किरण? आमच्या भागात एक झाडपाल्याचं औषध देतात, माझ्या माहितीतल्या दोघी बऱ्या आहेत. गाठ काढून टाकली आहे, आता कशाला अंग भाजून घेताय?

---

घाटावरचा
६ मे, सकाळी ८.४०

झालं सुरू. साहेब, "माहितीतल्या दोघी" म्हणजे किती वर्षं झाली, ऑपरेशन आधी झालं होतं की नाही, याचं उत्तर कधीच कुणी देत नाही. माझ्या मेव्हणीने झाडपाल्यात सात महिने घालवले. सुपारीएवढी गाठ होती, नारळ झाला. पुढचं लिहीत नाही.

---

लेझर_लाल
६ मे, दुपारी १.१५

प्रश्नात एक भाग बरोबर आहे, तो टाळत नाही. किरणांमुळे पुढे पंधरा-वीस वर्षांनी दुसरा कॅन्सर होण्याचा धोका थोडा असतो. डावीकडे हृदयाचाही. म्हणूनच एवढी मापं, टिंबं आणि श्वास धरणं. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे? स्तन ठेवून ऑपरेशन झालेल्या १० हजारांहून जास्त बायकांचा एकत्र अभ्यास २०११ साली आला. रेडिएशन न घेतलेल्यांत दहा वर्षांत १०० पैकी ३५ जणींना आजार परत आला, घेतलेल्यांत १९ जणींना. गाठ काढली तरी आजूबाजूला दोन-चार पेशी राहिल्या असतील तर त्या डोळ्याला दिसत नाहीत.

---

खाडीकाठ
६ मे, संध्याकाळी ६.३०

सरळ_बोलतो, तुम्ही वाईट मनाने लिहिलं नसेल म्हणून उत्तर देते. माझ्याकडे रोज कुणीतरी ठेवी घेऊन येतं आणि सांगतं, अमक्याकडे वर्षात दुप्पट होतात, माझ्या माहितीतल्या दोघांचे झाले. मी त्यांना पावती दाखवा म्हणते.

आज १२ वं झालं. अंग भाजत वगैरे नाही. पण आज जेवताना ताटावर पेंग आली, आणि मी काहीही काम केलेलं नव्हतं. हा तो थकवा असावा.

---

कुडाळची_वहिनी
६ मे, रात्री १०.०५

हाच तो. झोपून जात नाही, हे लक्षात ठेवा. मी दुपारी तीन-तीन तास झोपायचे आणि उठून अजून दमलेली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोज अर्धा तास चाला. चिडले होते मी. पण चालायला लागल्यावर फरक पडला खरा.

कातडीबद्दल सांगते, आणि हे नीट वाचा. सगळ्यात वाईट दिवस सिटिंग संपल्यावर येतात. मला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटचं सिटिंग झालं, पेढे वाटले, घरी आले, आणि दहाव्या दिवशी काखेत आणि खालच्या घडीत कातडी सोलून ओली झाली. वाटलं काहीतरी बिघडलं. रडून गोंधळ घातला. फोन केला तर म्हणाल्या, असंच होतं, एक-दोन आठवडे वाढतं, मग भरतं. चंदेरी मलम दिलं, पंधरा दिवसांत नवी कातडी आली.

मनाने काही लावू नका. माझ्या आत्येसासूने हळद आणि साय लावली होती, मायेने. दुसऱ्या दिवशी मशीनवरच्या पोरीने ओल्या कापसाने टिपून काढली आणि मला बाजूला घेऊन समजावलं. खोबरेल तेल लावायचं म्हटलं तरी विचारूनच. मला रात्री पातळ थर चालेल म्हणाल्या, सिटिंगच्या आधी अंग कोरडं हवं.

---

नवी_सून
७ मे, सकाळी ९.५०

मासे चालतात का हो? सासूबाईंना सगळे सांगतायत, शेक म्हणजे उष्ण, त्यात बांगडा उष्ण, नुसतं ताक-भात खायचं.

---

कुडाळची_वहिनी
७ मे, सकाळी १०.२०

"शेक" या शब्दाने घोटाळा केलाय सगळा. त्यात शेकण्यासारखं काही नाही. मासे, अंडी, डाळी, जे पचेल ते खाऊ घाला, कातडी भरून यायला प्रथिनं लागतातच. मी बांगडेच खाल्ले. तिखट मात्र बेतानं, तेही माझ्या पोटासाठी.

पण मासे कापू देऊ नका त्यांना, ऑपरेशनच्या बाजूच्या हाताने तर नाहीच. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हाताला सूज येण्याची शक्यता कायमची राहते. मला दीड वर्षाने शेंगटीचा काटा लागला, डाव्या हाताच्या अंगठ्याला. इथे कुणाला नाही लागत? संध्याकाळपर्यंत कोपरापर्यंत लाल, ताप. चार दिवस सलाईनमधून औषध. तेव्हापासून हात थोडा जाडच आहे, बांगड्या उजव्या हातात जास्त, डाव्यात दोनच. जखम झाली की धुवायची, आणि लाली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर. सकाळी बघू म्हणायचं नाही.

---

मधुमालती
७ मे, दुपारी २.३०

पैशांचं कुणी लिहिलं नाही म्हणून. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रेडिएशन बसतं, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रुग्णालय योजनेतलं हवं. आत गेल्यावर आधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाला, गाठायचं. रेशनकार्ड आणि आधार दोन्हीवर नाव सारखं आहे का ते घरूनच तपासून निघा.

रेल्वेने मुंबईला जाणाऱ्यांसाठी: कॅन्सर पेशंटला उपचाराला जाता-येता स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. रुग्णालयाचा सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो आणि तिकीट स्टेशनच्या खिडकीवर काढायचं. आम्ही कोकणकन्येने असंच जायचो.

---

खाडीकाठ
७ मे, दुपारी ३.००

नावाचं अगदी बरोबर. रेशनकार्डावर सासरचं नाव, आधारवर माहेरचं. मंजुरी अडकली, चार दिवस गेले. रोज लोकांची केवायसी परत पाठवणारी मी, माझीच परत आली. नवरा म्हणाला, देव आहे.

---

खाडीकाठ
१८ मे, सकाळी ११.१०

धागा वर काढतेय. परवा, १६ तारखेला १९ वं झालं. संपलं.

शेवटच्या दिवशी मशीनवरच्या मुलाला घरची एक डझन हापूसची पेटी दिली. तो घेईना, नियमात बसत नाही म्हणे. मग बाकावरच्या बायकांत फोडली. वैभववाडीच्या बाईंनी तिथेच, वेटिंगमध्ये, आंबा मऊ करून चोखायला घेतला, डोक्याला रुमाल, केस अजून आलेले नाहीत, कोपरापर्यंत रस. नर्सबाई ओरडायला आल्या आणि त्याही एक घेऊन गेल्या.

कुडाळच्या वहिनी, तुमचं वाचून ठेवलं होतं म्हणून पेढे वाटलेले नाहीत.

---

खाडीकाठ
२७ मे, रात्री ११.३०

वहिनी, बरोबर अकराव्या दिवशी. स्तनाखाली दोन बोटं जागा सोलली, ओली. पाऊस लवकर आलाय, हवा दमट, काहीच सुकत नाही, ना कपडे ना मी. पंख्याखाली उताणी पडून लिहितेय, डाव्या कुशीवर वळता येत नाही. फोटो डॉक्टरांना पाठवला, मलम चालू. दुखतंय, हो. पण घाबरले नाही, कारण माहीत होतं. नवरा घाबरला. त्याला हा धागा वाचायला दिला, त्याने तिसऱ्या प्रतिसादानंतर चष्मा पुसायला काढला आणि मग गोठ्यात जाऊन बसला.

---

अण्णा_तारकर्ली
२८ मे, सकाळी ६.४०

तेंका थंयच बसांदेत जरा वेळ.

---

नवी_सून
१२ जून, दुपारी ४.१५

सासूबाईंची ७ झाली. बाळ मांडीवर असतं. त्यांचं उजव्या बाजूला आहे, त्यामुळे श्वास धरायला लावत नाहीत, तर त्या नाराज आहेत! "त्या देवगडवाल्या बाईला धरायला लावतात, मला का नाही?" 😀

---

खाडीकाठ
२९ जून, दुपारी १.२०

कातडी भरली. रंग अजून दोन छटा काळा आहे, एक चौकोन नीट दिसतो, इस्त्री टेकवल्यासारखा. बूस्टची जागा थोडी घट्ट लागते. थकवा संध्याकाळी येतो, पण आता त्याची वेळ ठरलेली आहे, पाहुण्यासारखा. पतपेढीत सोमवारपासून अर्धा दिवस जायला लागले. पुतण्याचा मुलगा काल येऊन पोटावर पालथा झोपला, उजव्या बाजूला. त्याच्या आईनेच आणून ठेवला. म्हणजे अंगठ्याचा अर्थ कळला.

उद्या दाखवायला जायचंय. घाटात दरड आल्याचं कळतंय, डेपोत फोन केला तर साहेब म्हणाले, गाडी सुटेल, पण कुठून जाईल ते ड्रायव्हरला विचारा.

---

राजापूर_नवीन
२९ जून, दुपारी २.०५

पूर्ण धागा वाचला. माझं ऑपरेशन १० जुलैला ठरलंय. डॉक्टरांना काल विचारलं, किती सिटिंग. ते थांबले आणि म्हणाले, हे आधी कुणी विचारत नाही. रिपोर्ट बघून सांगतो म्हणाले, पण १५ च्या वर जाणार नाही. ताई, त्या खोलीच्या मालकीणबाईंचा नंबर मिळेल का?

---

खाडीकाठ
२९ जून, दुपारी २.१२

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. तिसऱ्या मजल्यावरची मागू नका, जिना उंच आहे. पहिल्या मजल्यावरची घ्या, पूर्वेकडची. भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या पुसायला मी नको म्हटलंय. माझी शेवटची खिडकीच्या चौकटीच्या चार बोटं वर आहे.